दोन गाड्यांची एक गाडी

तुमाले आधीच सांगून देतो, माह्यं तोंड वाईट आहे. कुरखेड्यात बसस्टँडाच्या मागं तीस वर्षांपासून लेथ अन् वेल्डिंगचं दुकान चालवून राह्यलो. गिऱ्हाईक येते, आधी माह्या शिव्या खाते, मंग काम घेऊन जाते. तरी लोक येतात, कारण वामनराव रामटेकेनं मारलेला टाका तुटत नाई. हे मी म्हणत नाई, लोक म्हणतात.

गेल्या साली जानेवारीत एक पोट्टी एसटीतून उतरून दुकानात आली. खांद्यावर पोतं. ते तिनं माह्या टेबलावर असं टेकवलं की चहाचा कप पालथा झाला. उघडून पाह्यलं तर आत जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचं इंजिन, शंभर सीसीचं, कोण्या गुरुजीच्या पडवीत पंधरा वर्षं पडून राह्यलेलं. बाहेर मालाच्या ऑटोत एका भलत्याच गाडीचा सांगाडा होता. उंच, लांब शॉकअपचा, पुढचं चाक मोठं, टायरले बोटभर दाते. दगडाधोंड्यात चालवाची गाडी ती. तिचं स्वतःचं इंजिन पुराच्या पाण्यात गेलं होतं अन् ती वरोऱ्याच्या भंगारात पडली होती. तिथून पोट्टीनं ती सोयाबीनच्या ट्रकवर टाकून आणली होती. आता म्हणे हे इंजिन त्या सांगाड्यात बसवाचं.

मले हासूच आलं. म्हटलं, "बैलाच्या अंगात बकरीचं काळीज बसवाले निघाली का बाई तू?"

ती काही हासली नाई. "पहाड बकरीच चढते, भाऊ," म्हणाली, अन् खिशातून टेप काढून माप घ्याले बसली. मले विचारलंसुद्धा नाई!

तिचं नाव दीपाली हलामी. कोहका पहाडीच्या पायथ्याशी खैरीटोला म्हणून चाळीस घरांचं गोंडांचं गाव आहे, तिथली. आयटीआयत नाव टाकाले गेली तवा तिथल्या मास्तरायनं शिवणकामाचा फॉर्म पुढं केला होता. तिनं तो परत सरकवला अन् मोटर मेकॅनिकचा मागितला. वर्गात ती एकटी पोरगी. मंग चार वर्षं नागपुरात एका वर्कशॉपमध्ये होती. पहिलं सालभर तिले नुसत्या गाड्या धुवाले लावलं, तरी सोडून आली नाई. गावाले पहाडीच्या जंगलाच्या हक्काचा सरकारी कागद भेटला तवा ती परत आली. पहाडी आपली झाली तर राखाले माणूस पाहिजे, असं तिचं सरळ म्हणणं. गावात धानाचे पंप अन् मळणीयंत्रं दुरुस्त करून पोट भरत होती, आई सोनीबाईसंगं राहत होती.

आता हे इंजिनाचं खूळ कायले, ते ऐका. आमच्याकडं मोह गळाच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. जमीन साफ झाली की फूल वेचाले सोपं जाते. आजे-पणजे करत आले, कोणी वाईट मनानं करत नाई. पण एखादी वावटळ आली की जाळ झाडाखालून सुटते अन् पहाडी चढते. त्याच्या आदल्या साली तसंच झालं. धूर दिसला, माणसं डहाळ्या घेऊन धावली, पण वरपर्यंत पायी सव्वा तास लागते. तोवर जाळ हाताबाहेर गेला. तीन दिवस पहाडी जळत होती. गावाचा बांबू सगळा गेला. बांबूच नाई तर काम नाई, म्हणून तेवीस घरची माणसं मिरची तोडाले तेलंगणात निघून गेली, पोरंबाळं घेऊन. शाळेत सोळा पोरं होती, पाच राह्यली.

दीपाली ग्रामसभेत उभी राह्यली अन् बोलली की जाळ पहिल्या अर्ध्या घंट्यात एका माणसाच्या हातचा असते, मंग कोणाच्याच हातचा राहत नाई. पंधरा मिनिटांत वर पोचणारी गाडी मी करतो, राखणही मीच करतो. साधी गाडी त्या वाटेवर चढत नाई, पहिल्याच दगडावर तिचं पोट टेकते. नवी घ्यावी तर ती ह्या जन्मी होत नाई. गावचे पाटील डोमाभाऊ, सत्तरीचा माणूस, त्यायनं नाई म्हणून मान हलवली. पण सभेनं तिले एक उन्हाळा दिला. एकच. त्यात जमलं नाई तर राखण बंद अन् ज्याचं त्यानं पाहावं. अन् पहाडी दुसऱ्यांदा जळली तर राह्यलेली घरंही मिरचीले जातीन, हे तिले काय, सगळ्यायलेच माहीत होतं.

हे सगळं तिनं मले माप घेता घेता सांगितलं, डोकं वर न काढता. मी म्हटलं ठेव इथी. आठ दिवसांत करून देतो.

आठ दिवस! दीड महिना गेला बाप्पा.

पहिली गोष्ट, इंजिनाचे कान, म्हणजे बोल्ट टाकाच्या जागा, अन् फ्रेमचे कान कुठीच जुळत नव्हते. मधात लोखंडी पाट्या लावाव्या लागतीन, अन् त्याचा नमुना कशावर काढाचा ते मले समजेना. मी पुठ्ठा कापला तर तो वाकला, पत्रा कापला तर वाया गेला. दुसऱ्या दिवशी दीपाली गावाहून ओल्या बांबूच्या कमच्या घेऊन आली. चाकूनं तासून, भोकं पाडून, इंजिन फ्रेममध्ये सुतळीनं लटकावून तिनं बांबूच्याच पाट्या बसवून पाह्यल्या. जरासं इकडं, जरासं तिकडं, पुन्हा नवी कमची. चौदा वेळा केलं. सायलेन्सरच्या नळीचा वाकही तिनं कमची वाकवूनच ठरवला. मी त्या कमचीवरून लोखंड कापलं तर भोकात बोल्ट असा गेला की मले तिच्यावर रागच आला. तीस वर्षांत हे माह्या डोक्यात काऊन नाई आलं?

मंग चेनीचं दुखणं. इंजिनाची दातेरी चकती अन् मागच्या चाकाची चकती एका रेषेत नाई. बोटभर फरक. पहिल्या दिवशी गाडी दुकानासमोर वीस पावलं गेली अन् चेन उडून माह्या पायावर आली. मी म्हटलं, सोड हे, भंगार ते भंगारच. दीपालीनं चेन उचलली, पुसली, अन् इंजिन पुन्हा खाली उतरवाले घेतलं. काही बोलली नाई. ती बोलत नाई तवाच मले लय भेव वाटते तिचं. पाट्या पुन्हा कापल्या, मागची चकती लेथवर घासली. मंग चौथ्या दिवशी पाटीच्या टाक्याले चीर गेली. माह्या टाक्याले! हादऱ्यानं. टू-स्ट्रोक इंजिन हादरते, त्याले रबराचा आधार पाहिजे, हे तिनं आधी सांगितलं होतं अन् मी ऐकलं नव्हतं. रबर टाकलं, मंग टिकलं.

एक काम तिनं माह्यापासून मुद्दाम करून घेतलं. सायलेन्सरच्या तोंडात बारीक जाळी. टू-स्ट्रोकच्या नळीतून कधीमधी ठिणगी उडते. आग विझवाले गेलेली गाडीच आग लावून आली तर गावात तोंड दाखवता येणार नाई, म्हणाली. ते मले पटलं. तशी मी न कुरकुरता बसवून दिली.

आता माह्या चुकीचं सांगतो. ते सांगाले जीव होत नाई, पण सांगतो.

टू-स्ट्रोकच्या इंजिनाले तेल पेट्रोलातच मिसळून द्यावं लागते, नाई तर आतला पिस्टन घासून जाम होते. ते तेल आता कुरखेड्यात कोणाच्या दुकानी भेटत नाई, असल्या गाड्याच राह्यल्या नाईत. नागपुराहून मागवाले चार-पाच दिवस लागणार होते. माह्याकडं टोरीचं तेल होतं, मोहाच्या बियांचं. लेथवर लोखंड कापताना मी तीस वर्षं तेच सोडतो, धार कशी लोण्यातून चालल्यासारखी चालते. आमच्या बापानं बैलबंडीच्या आसाले तेच लावलं. म्हटलं, टाक हेच. तेल ते तेल.

दीपाली थांबली. म्हणाली, भाऊ, हे थंडीत थिजते. मी भडकलो. तू जन्माले नव्हती तवापासून मी ह्या तेलात हात घालून राह्यलो, मले शिकवतं का, असं अन् आणखी काय काय बोललो. ती पाहत राह्यली, अन् मंग हो म्हणून मान हलवली. दुपारच्या उन्हात गाडी चालवून पाह्यली. अशी पळाली, असा आवाज की बसस्टँडावरची माणसं चहा सोडून पाहाले आली. मी सगळ्यायले सांगत फिरलो की वामनरावचं तेल आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात खैरीटोल्याले सकाळी उजाडता उजाडता धूर दिसला. मोहाखालचा विस्तू रातभर धुमसला अन् पहाटेच्या वाऱ्यानं सुटला. दीपालीनं गाडी काढली. पहाटेची थंडी होती, गाडी रातभर अंगणात उभी होती. कशीतरी चालू झाली. अर्ध्या वाटेवर, दगडी चढावर, फुर्र करून बंद पडली. तिनं कार्बोरेटर खोलला. खालच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलं होतं अन् टोरीचं तेल पांढरं थिजून बसलं होतं, थंडीतल्या तुपासारखं. तिनं काट्यानं जेटचं, म्हणजे पेट्रोल याचं, बारीक भोक मोकळं केलं. चालू झाली, शंभर पावलं गेली, पुन्हा बंद. पुन्हा खोललं. तिसऱ्या वेळी तिनं गाडी तिथीच आडवी टाकली अन् पळत सुटली.

ती पोचली तोवर पूर्वेकडचा उतार पेटला होता. माणसं आली, दुपारपर्यंत डहाळ्यायनं झोडून जाळ थांबवला. पहाडी वाचली. पण त्या उतारावर मागच्या जाळानंतर नवा बांबू फुटला होता, हातभर उंचीचा, गाव रोज जाऊन जाऊन पाहत होतं. तो सगळा गेला.

मले निरोप आला तो एवढाच की गाडी बंद पडली, या. मी दुसऱ्या दिवशी पान्यांची पिशवी घेऊन गेलो, अन् नेमका गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात, सभा भरली होती त्यात सापडलो. कोपऱ्यात जाऊन बसलो. डोमाभाऊ बोलून राह्यले होते. ओरडले नाई, तेच वाईट. म्हणाले, पायी गेलो असतो तर सगळे बरोबर निघालो असतो. गाडी आहे म्हणून आम्ही घरून हळू निघालो. ही गाडी भंगारात द्या अन् राखण बंद करा.

दीपाली उभी राह्यली. हाताले पोळलेलं होतं, त्यावर कसला तरी पाला बांधला होता. म्हणाली, गाडीत चुकीचं तेल होतं, ते पाहाचं काम माह्यं होतं, चूक माह्यी आहे. माह्यं नाव नाई घेतलं. माह्याकडं पाह्यलंसुद्धा नाई. सोनीबाई बायायमध्ये बसल्या होत्या, त्या मात्र माह्याकडं पाहून राह्यल्या होत्या.

मी खाली पाह्यलं. खरं सांगतो, मनात आलं की चुपचाप बसावं, कुरखेड्याची एसटी तीनची आहे. लाज वाटून राह्यली होती अन् त्याहून जास्त भेव. अर्धं कुरखेडं माह्याकडं काम टाकते, ते काय म्हणन? पण पोट्टी तिथी एकटी उभी होती. माह्याच्यानं बसवलं नाई.

उठलो. म्हटलं, "तेल माह्यं होतं. हिनं नाई म्हटलं होतं. मी हिच्यावर ओरडून ते टाकाले लावलं. तुमचा बांबू मी जाळला."

डोमाभाऊंनी मले विचारलं की मी कोण अन् त्यायच्या सभेत कोणी बोलावलं. म्हटलं, कोणीच नाई. मंग ते शेजारच्या दोघायसंगं गोंडीत बोलले. मले त्यातलं काही समजलं नाई. शेवटी म्हणाले की बाहेरचा माणूस येऊन आपली चूक सांगते तर हिले आणखी थोडे दिवस द्यावे. तेंदूपत्त्याची तोडणी सुरू होईपर्यंत. त्याच्या पुढं एक दिवस नाई.

बाहेर आलो तवा मी दीपालीले म्हटलं, माह्यं नाव घ्याचं होतं ना. ती पान्यांची पिशवी माह्या हातातून घेत म्हणाली, "तेल टाका म्हटलं ही तुमची चूक, भाऊ. मले माहीत असून मी मान हलवली ही माह्यी. तुमची मी कायले सांगू?" अन् चालाले लागली. गाडी अजून पहाडीच्या वाटेवरच पडून होती.

त्या दिवशी आम्ही तिथीच, दगडावर फडकं टाकून, इंजिन खोललं. पिस्टनच्या रिंगा चिकटल्या होत्या, रॉकेलात भिजवून एकेक सोडवली. ती सांगन ते मी केलं. दोन दिवसांनी ती स्वतः नागपूरले गेली, एसटीत रात काढली, अन् खऱ्या तेलाचे डबे घेऊन आली. माप करून, गाळून, तिनं पेट्रोल अन् तेल मिसळलं. मंग रोज पहाटे, अगदी थंडीत, आधी गाडी चालू करून पाहाची, मंग पंपाच्या कामाले जायची. एक दिवस चुकवला नाई. पहाडीची वाट तिनं दगड न् दगड पाठ केली. घड्याळ लावून चढत होती. एकवीस मिनिटं, अठरा, सोळा. चौदावर आली तवा मले फोन केला, मी दुकानात होतो. म्हटलं बरं आहे, अन् फोन ठेवून दिला. काय बोलाव, डोळ्याले पाणी आलं होतं.

एप्रिलच्या शेवटी मी खैरीटोल्याले गेलो होतो, पाटीचे बोल्ट कसाले. आठ दिवसांनी तेंदूपत्ता सुरू होणार होता. दुपारचे दोन वाजले असतीन. ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. सोनीबाईनं आंबिल दिलं होतं, ते पीत होतो, तेवढ्यात कोण्या बाईनं हाक मारली. पहाडीच्या माथ्याजवळ धूर. त्या घडीले, त्या वाऱ्यात, वाळलेल्या पाल्यात. मार्चातल्या पहाटेची थंडी नाई, जाळ खरं जंगल खाते तो हा टाईम.

माह्या हातात अजून पाना होता. मी म्हटलं, दोन बोल्ट राह्यले. दीपाली म्हणाली, कसा. मी कसले. तिनं पाठीवर पाण्याचा पंप बांधला, धान फवाराचा, वीस लिटरचा. किक मारली. पहिल्याच किकेत चालू. अन् गेली.

मंग आम्ही सगळे पायी. मी पण. गुडघे दुखतात माह्ये, तरी गेलो, मले खाली बसवणार नव्हतं. वरून तिचा आवाज येऊन राह्यला होता, टर्र करून चढाचा, मधात दगडावर जराशी दमाची, पुन्हा चढाची. डोमाभाऊ माह्या समोर होते, हातात डहाळी. दर वळणाले थांबून कान देत होते. एका वळणाले आवाज बंद झाला. ते थांबले, मी थांबलो, सगळी माणसं थांबली. मी मनात आपल्या हातानं मारलेला एकेक टाका मोजला. डोमाभाऊ पुढं चालाले लागले, आधीपेक्षा जोरात, सत्तरीचा माणूस. धूर अजून दिसत होता. मंग झाडी दाट लागली अन् धूर दिसणंही बंद झालं.

आम्ही वर पोचलो तवा सव्वा तास झाला होता. गाडी मोहाच्या झाडाले टेकवून ठेवली होती; आवाज थांबला तो ती पोचली म्हणून. दीपाली बाजूले खाली बसली होती, पाय लांब करून, तोंड राखेनं काळं, पाण्याचा पंप रिकामा. ती एका काडीनं बुटातली माती काढत होती. जमिनीवर एक काळा डाग होता, आपलं धानाचं खळं असते तेवढा. त्याच्या भोवती तिनं पाला खरडून पट्टा मोकळा केला होता. पट्ट्याच्या पलीकडं मागच्या जाळानंतर नव्यानं फुटलेली बांबूची बेटं तशीच उभी होती, हिरवी.

तीस-पस्तीस माणसं डहाळ्या घेऊन उभी, अन् विझवाले काही नाई. कोणाले काय कराव समजेना. डोमाभाऊ त्या डागाच्या काठाकाठानं एक पुरा फेरा मारून आले, पायानं राख चाचपत. मंग तिच्यापाशी येऊन थांबले. अजून धाप लागली होती.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच," दीपाली म्हणाली.

त्यायनं हातातली डहाळी खाली ठेवली अन् तिच्या बाजूले जमिनीवर बसले.